सड्यावर जाण्याआधी: एक्स्टेन्शन ट्यूबची निवड

कासच्या पठारावर किंवा कोकणातल्या सड्यांवर सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू अशी इवली रानफुलं जवळून टिपायची असतील तर एक्स्टेन्शन ट्यूबची, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसून लेन्सला आणखी जवळ फोकस करू देणाऱ्या पोकळ नळीची, खरेदी जुलैतच उरकावी. पण दुकान गाठण्याआधी घरी पट्टी काढा. लेन्स शक्य तितकी जवळ फोकस करून पट्टीचा फोटो घ्या आणि फ्रेमच्या रुंदीत किती मिलिमीटर मावले ते मोजा. सेन्सरच्या रुंदीला (क्रॉप, म्हणजे लहान सेन्सर असेल तर सुमारे 23 मिमी, फुल फ्रेम, म्हणजे मोठा असेल तर 36) त्या आकड्याने भागलं की लेन्सचं आजचं मॅग्निफिकेशन, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा मूळ वस्तूच्या किती पट ते, मिळतं. ट्यूबने पडणारी भर म्हणजे ढोबळमानाने ट्यूबची लांबी भागिले फोकल लेंथ. 50 मिमीच्या लेन्सची मूळची 0.2 पट धरली, तर 20 मिमीच्या ट्यूबने ती 0.6 होते, 36 ने 0.9 च्या पुढे. तीच 36 ची ट्यूब 300 मिमीच्या लेन्सला लावली तर जेमतेम 0.12 ची भर पडते. अर्थात दुरूनच उडून जाणाऱ्या फुलपाखरांसाठी तेवढीही कामाची असते. 18-55 किट लेन्स 55 वरच वापरा. 18 वर फोकस जवळपास काचेवरच येऊन बसतो.

मग माउंट, म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स जिथे अडकते ती जोडणी, तपासा. अ‍ॅडाप्टर लावून कॅननच्या जुन्या ईएफ माउंटच्या लेन्स वापरणाऱ्यांनी ईएफचीच ट्यूब घ्यावी, ती लेन्स आणि अ‍ॅडाप्टरच्या मध्ये बसते. ट्यूबमध्ये काच नसते, त्यामुळे महागड्या ब्रँडने चित्र अधिक स्पष्ट येईल असं नाही. पैसे मोजायचे ते इलेक्ट्रिक संपर्क आणि धातूच्या माउंटसाठी. संपर्क नसलेल्या स्वस्त नळ्या मी तरी कुणाला सुचवणार नाही: कॅननच्या ईएफ लेन्सचं अ‍ॅपर्चर (प्रकाश आत घेणारं छिद्र) त्यांच्यावर सताड उघडं राहतं आणि फोकसमध्ये पाकळीची कड तेवढी येते. हाताने फिरवायची अ‍ॅपर्चर रिंग असलेली जुनी लेन्स असेल तर मात्र त्या खुशाल घ्या. दुकानातच लेन्स चढवून हलवून बघा; खडखड वाजली तर परत द्या. 12, 20 आणि 36 मिमीचा संच मिळाला तर उत्तम. तिन्ही एकावर एक चढवून पुढे जड झूम टांगू नका.

प्रकाशाचीही सोय हवी. 1:1 ला, म्हणजे मॅग्निफिकेशन 1 झालं की, दोन स्टॉप प्रकाश जातो, म्हणजे चौथा हिस्साच उरतो, आणि पावसाळी आभाळात तो मुळातच कमी. एफ/8 ठेवलं तरी ते एफ/16 सारखं वागतं. म्हणून फ्लॅश आणि त्याचा प्रकाश मऊ करणारा डिफ्यूझर, निदान पांढरा पातळ कागद तरी, बॅगेत असू द्या. ट्यूब लावल्यावर दूरचं काहीच फोकस होत नाही, तेव्हा पठाराच्या फोटोसाठी मोबाइल खिशात ठेवा. ट्यूब गाडीतच चढवा, पावसात सेन्सर उघडा पडायला नको. आणि पोटावर झोपून फोटो घ्यायचा असेल तर पायवाटेवरून हात पोहोचेल तेवढंच फूल निवडा.