राजीनामा येण्याआधी: टीमवरचा कामाचा भार मोजायचा कसा आणि उतरवायचा कसा

राजीनामा हातात पडला की बहुतेक मॅनेजर पगाराचं बोलतात. तोवर उशीर झालेला असतो. आधी कामातला रस जातो, मग "दुसरीकडे बघावं का" असं वाटू लागतं, मग बायोडाटा उघडला जातो, चाचपणी सुरू होते आणि सगळ्यात शेवटी राजीनामा येतो. संशोधक विल्यम मोब्ली यांनी १९७७ साली असमाधान आणि प्रत्यक्ष नोकरी सोडणं यांच्यामधल्या या पायऱ्या मांडल्या. माणूस पहिल्या दोन पायऱ्यांवर असतानाच काही करता येतं, आणि त्यासाठी भार कुठे साचलाय हे आधी कळायला हवं.

नुसते तास मोजून ते कळत नाही. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये दाखवलं की कामाची मागणी जास्त आणि स्वतःच्या कामावर ताबा कमी, ही जोडी सगळ्यात जास्त ताण देते. याच विषयाचे अभ्यासक योहानेस झीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये त्यात दुसरी बाजू जोडली: मेहनतीच्या मानाने पैसा, मान, बढती किंवा नोकरीची शाश्वती मिळत नसेल तर माणूस आतून खचतो. म्हणून सारखेच तास भरणाऱ्या दोघांपैकी एक टिकतो आणि दुसरा जातो. तरी एक रेघ पक्की धरा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२१ च्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के जास्त दिसला. ५५ च्या पुढे गेलेला माणूस "मी मजेत आहे" म्हणाला, तरी त्याचं काम कमी करा.

दोन आठवड्यांची नोंद

सलग १० कामाचे दिवस, अर्ध्या-अर्ध्या तासाची पट्टी आणि चार रकाने: ठरलेलं काम, अचानक आलेलं काम, मीटिंग आणि वाट पाहणं, ऑफिस सुटल्यानंतरचं काम. महिनाअखेरीसारखा धावपळीचा काळ यात घेऊ नका. त्याची नोंद वेगळी ठेवा.

समजा, दोन तासांचा एक अहवाल आहे. साडेनऊला सुरू केला, दहाला फोन आला. साडेदहाला पुन्हा हातात घेतला, अकराला मीटिंग. दुपारी अर्धा तास उघडला, पुन्हा मिटला. शेवटी रात्री साडेनऊला घरून पाठवला. पट्टीवर अहवालाचे चारच अर्धे तास भरतात, पण ते दिवसभर विखुरलेले असतात आणि शेवटचा चौथ्या रकान्यात जातो. इथे अहवाल दुसऱ्याला देऊन काही साधत नाही. सकाळचे दोन तास फोन आणि मीटिंगशिवाय राखून ठेवले की तो साडेअकराला संपतो.

ही नोंद मूल्यमापनासाठी वापरणार नाही, हे आधीच सांगा आणि शब्द पाळा. नाहीतर चौथा रकाना कुणी रिकामा ठेवतं, कुणी फुगवतं.

सहा वाक्यं, निनावी

टीममधल्या प्रत्येकाने, नाव न लिहिता, प्रत्येक वाक्याला आकडा द्यायचा, १ (अजिबात पटत नाही) ते ५ (पूर्ण पटतं):

दिलेलं काम दिलेल्या वेळेत नीट पूर्ण होऊ शकतं.
कोणतं काम आधी करायचं हे मला ठरवता येतं.
सुट्टीच्या दिवशी कामाचा विचार डोक्यातून जातो.
एकंदरीत मी या नोकरीत समाधानी आहे.
गेल्या महिन्यात नोकरी सोडण्याचा विचार बरेचदा मनात आला.
येत्या सहा महिन्यांत दुसरी नोकरी शोधायचा विचार आहे.

शेवटच्या दोन वाक्यांची दिशा उलटी आहे, त्यामुळे सहांची सरसकट सरासरी काढू नका. पाचपेक्षा लहान गटाचे आकडे दाखवू नका, लोक ओळखले जातात. आणि नुसत्या सरासरीवर विसंबू नका: आठ जणांची सरासरी ३ आली, तर आठही जण ३ वर असू शकतात, किंवा चार १ वर आणि चार ५ वर. या दुसऱ्या प्रकारात चार जण दाराशी उभे असू शकतात. बोनसच्या आठवड्यात हे विचारलं तर आकडे फसवे येतात. गेल्या वर्षभरात सोडून गेलेले यात नसतात, म्हणून त्यांची संख्या शेजारी लिहून ठेवा.

आकडे वाचताना भार (पहिली तीन वाक्यं, आकडा कमी तर भार जास्त), समाधान (चौथं) आणि सोडण्याची इच्छा (शेवटची दोन) ही तिन्ही एकत्र बघा. भार कमी आणि तरीही समाधान नाही, तर कारण पगार, वरिष्ठ किंवा कामातला तोचतोचपणा यात शोधा. काम आणखी कमी केलं तर उलट बिघडेल. भार जास्त आणि समाधानही जास्त, हा गट आपुलकीवर चाललेला असतो. त्याला सुरक्षित समजू नका, कारण त्यालाच सगळे आणखी काम देतात.

पण ज्या गटाकडे सर्रास दुर्लक्ष होतं तो तिसरा: भार जास्त, समाधान कमी, सोडण्याची इच्छाही कमी. घरचं कर्ज, मुलांची शाळा, बाजारात नोकऱ्या नसणं अशा कारणांनी ही माणसं जाऊ शकत नाहीत. राजीनाम्यांच्या आकड्यात ती कधीच दिसत नाहीत. ती मीटिंगमध्ये बोलायची थांबतात, आजारपणाच्या रजा वाढतात, सांगितलं तेवढंच करतात. परिस्थिती बदलली की यातले बरेच जण एकदम निघतात, आणि टीम टिकून आहे असं मानणाऱ्या मॅनेजरला धक्का बसतो.

भार उतरवताना

योगवर्ग किंवा प्रेरणादायी भाषणापासून सुरुवात करू नका. काम काढून टाकण्यापासून करा. कुणीच वाचत नाही असा साप्ताहिक अहवाल, दोनदा होणारी तपासणी, सवयीने चालू असलेली मीटिंग अशी तीन कामं महिनाभर थांबवा. कुणी विचारलं नाही, तर कायमची बंद.

माणसाचा वेळ काठोकाठ भरू नका. कामं अनियमित येतात आणि प्रत्येकाला कमीजास्त वेळ लागतो, हे धरून रांगेचं साधं गणित मांडलं तर ८० टक्के वेळ व्यापलेल्या माणसाकडे नवं काम सरासरी चार कामांच्या वेळेइतकं थांबतं. ९० टक्क्यांना नऊ, ९५ टक्क्यांना एकोणीस. शेवटचे पंधरा टक्के भरले की तगादे सुरू होतात, आणि तगाद्यांना उत्तरं देण्यातच दिवस जातो.

एकट्याशी बोलताना "कसं चाललंय?" विचारलं की "ठीक" एवढंच उत्तर येतं. "या आठवड्यात कोणतं काम अर्धवट सोडावं लागलं?" असं विचारा. उत्तर आलं की त्याच वेळी एक काम पुढे ढकला, समोरच.

सगळ्यात मोठी चूक राजीनाम्यानंतर होते. चार जण ३८ तासांप्रमाणे १५२ तासांचं काम करत होते. एक गेला आणि तेवढंच काम तिघांत वाटलं, तर प्रत्येकी जवळजवळ ५१ तास. मग दुसरा जातो. म्हणून राजीनामा आला त्याच आठवड्यात जाणाऱ्याच्या कामांची यादी करा आणि प्रत्येकासमोर लिहा: बंद, थांबवलेलं, की कुणाकडे दिलेलं. कुणाला काही दिलं, तर त्याच्याकडचं काय काढलं हेही तिथेच लिहा. नव्या माणसाला शिकवणाऱ्याचे तासही यात धरा.

तीन महिन्यांनी तीच सहा वाक्यं, शब्दही न बदलता, पुन्हा विचारा. त्याआधी पहिल्या फेरीनंतर कोणती कामं बंद झाली ते टीमला सांगा. नाहीतर या वेळी सगळे ३ वर खूण करून मोकळे होतील.