जुन्या गाडीला नवी काच बसवली तरी पाणी गळतंय? या चुका टाळा

नवी काच बसवली, रबरही नवं घातलं, आणि पहिल्याच पावसात पायाखालचं कार्पेट ओलं. अशा वेळी हात आपोआप सिलिकॉनच्या ट्यूबकडे जातो. ती ट्यूब आधी बाजूला ठेवा, हे मी अगदी कळकळीनं सांगतोय.

थेंब पडतो तिथेच गळती आहे असं धरून चालणं, ही सगळ्यात मोठी चूक. जुन्या गाड्यांची पुढची काच बहुधा चिकटवलेली नसते, ती रबरात बसवलेली असते. रबराच्या एका खाचेत काच, दुसरीत बॉडीच्या पत्र्याची कड. वरच्या कोपऱ्यातून शिरलेलं पाणी त्या खाचेतूनच फिरत खाली येतं आणि भलतीकडेच बाहेर पडतं. गाडी चढावर उभी असली की जागा आणखी बदलते. कधी तर काचेचा काही दोषच नसतो. वायपरच्या दांड्यांभोवतीची रबरं, बॉनेटमागची हवेची जाळी, छताच्या पन्हळीतला सांधा, यातलं काहीही गळलं तरी भिजतं तेच कार्पेट. ओल चिकट असेल आणि गोडसर वास येत असेल तर ते पावसाचं पाणी नाही, हीटरमधून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, गळतंय.

म्हणून आधी शोध. कार्पेट उचला, सगळं कोरडं पुसा आणि काचेच्या कडेनं आतून टिश्यू पेपरच्या पट्ट्या लावा. एकानं टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून पाइपनं पाणी सोडायचं. धार संथ हवी. जोराच्या फवाऱ्यानं चांगल्या रबरातूनही पाणी शिरतं आणि आपण नसलेली गळती दुरुस्त करत बसतो. सुरुवात खालून करा: आधी जाळी आणि वायपर, मग काचेची खालची कड, मग बाजू, शेवटी वरची कड. प्रत्येक ठिकाणी चार-पाच मिनिटं थांबा. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही. ही चाचणी कंटाळवाणी आहे, पण तिच्याशिवाय पुढचं सगळं काम अंदाजपंचे.

आता सिलिकॉनबद्दल. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन सुकताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडतं, आणि ते उघड्या पत्र्याला गंज चढवतं. त्याचा थर एकदा बसला की त्यावर दुसरं सीलंट नीट धरत नाही. पुढे रंग मारायची वेळ आली तर उरलेल्या अंशामुळे रंगात बारीक खड्डे पडतात. रबरात बसवलेल्या काचेसाठी कधीच कडक न होणारं, मऊ राहणारं सीलंट मिळतं, तेच वापरा. बोथट प्लास्टिकच्या पट्टीनं रबराची कड हलकेच उचला, ट्यूबचं चपटं तोंड आत सरकवा आणि आधी काच व रबर यांच्यामध्ये, मग रबर व पत्रा यांच्यामध्ये भरा. नुसतं वरून फासलेलं सीलंट दिसायला वाईट, आणि टिकतही नाही.

सीलंट भरूनही गळत असेल तर काच काढावीच लागेल. त्यात कमीपणा नाही. बहुतेकदा खरा दोष तिथेच दडलेला असतो: पत्र्याची कड गंजून खड्डे पडलेली किंवा वाकलेली. रबर कितीही चांगलं असलं तरी खडबडीत कडेवर ते बसत नाही. गंज पूर्ण काढा, कड सरळ करा, प्रायमर आणि रंग द्या, तो पक्का वाळू द्या. नव्या काचेची जाडी जुनीइतकीच आहे का, हेही मोजा. काच थोडी जरी पातळ असली तरी खाचेत सैल राहते.

कडक झालेलं जुनं रबर परत घालू नका. रबर स्वतः कापून जोडत असाल तर ताणून कापू नका. ते आखडतं आणि सांध्यात फट पडते, म्हणून किंचित लांबच ठेवा. दोरीनं काच बसवताना, म्हणजे रबराच्या खाचेत दोरी घालून ती आतून ओढत रबराची कड पत्र्यावर चढवताना, साबणाचं पाणी लावा. तेल किंवा ग्रीस नको, त्यानं रबर फुगतं. बाहेरच्या चकचकीत पट्टीच्या क्लिपा स्क्रूनं बसवलेल्या असतील तर त्या भोकांतही सीलंट भरा.

काम झालं की तीच चाचणी पुन्हा, त्याच क्रमानं. आणि कार्पेटखालचा नमदा बाहेर काढून उन्हात पूर्ण वाळवल्याशिवाय परत घालू नका. वरून कोरडा वाटला तरी तो आत पाणी धरून ठेवतो आणि त्याखालचा पत्रा सडत जातो.