आधी तिचं ताट वाढा
घरात कोणी गरोदर असली किंवा बाळाला अंगावर पाजत असली की सगळे सल्ले तिलाच, हे खा ते खाऊ नको, पण ती जेवते मात्र सगळ्यात शेवटी आणि तोवर भाजी कढईच्या तळाला गेलेली असते. आम्ही एवढंच बदललं, तिचं ताट आधी आणि ते नवऱ्यानेच वाढायचं. लोहाची गोळीपण त्याच्याच मोबाईलच्या अलार्मवर, चहा किंवा दुधासोबत नाही हं, चहाने लोह अंगी लागत नाही, लिंबूपाणी चालतं, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळेला. सासूबाईंशी वाद घालत बसू नका, त्यांना अंगणवाडीत सोबत न्या, ताईंनी सांगितलेलं लगेच पटतं (सुनेचं कोण ऐकतं!). बाळाला सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको, नंतर मात्र नुसतं वरणाचं पाणी पाजत राहू नका, त्याने फक्त पोट भरतं. वरणभात बोटाने कुस्करून चमच्यावरून ओघळणार नाही इतका घट्ट, वर थोडं तूप, आणि बाळाची वाटी वेगळी म्हणजे किती खाल्लं ते कळतं. संध्याकाळची वाटी आजोबांकडे द्या, त्यांना वेळ असतो आणि आमचं तरी त्यांच्याकडेच निमूट खातं.