जुने फाइनवेर्कबाउ ६५ घेताना आणि सांभाळताना

पन्नास वर्षांच्या मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, एअर पिस्तुलात आधी दगा देतात ती सील (हवा अडवणारी चकती), बफर (पिस्टनचा आघात झेलणारी गादी) आणि सुकून मेण झालेले ग्रीस. पोलाद बहुधा ठणठणीत असते. म्हणून जुने पिस्तूल घेताना वरची चकाकी पाहून भुलू नये. चार ठिकाणी निळा रंग उडालेले, पण नियमित झाडलेले आणि वेळच्या वेळी सर्व्हिस केलेले पिस्तूल वीस वर्षे डब्यात पडून राहिलेल्या 'कोऱ्या' पिस्तुलापेक्षा नेहमी चांगले.

१० मीटर एअर पिस्तुलाच्या जुन्या मॉडेलांमध्ये पहिली खरेदी म्हणून फाइनवेर्कबाउ ६५ सुचवावेसे वाटते. जर्मनीतल्या ओबर्नडोर्फ गावच्या या कारखान्याने ते १९६५ मध्ये आणले आणि पुढची कित्येक वर्षे ते मॅचचे प्रमाण पिस्तूल राहिले. आत स्प्रिंग आणि पिस्टन आहे. असे पिस्तूल एरवी झाडताना धक्का देते, कारण जड पिस्टन पुढे धावतो आणि सिलिंडरच्या टोकाला जाऊन थांबतो. ६५ मध्ये नळी आणि सिलिंडरचा सगळा वरचा भाग रुळांवर बसवलेला आहे. घोडा (ट्रिगर) ओढला की हा भाग अडकणीतून सुटतो आणि फ्रेमवर मागे सरकतो, त्यामुळे हाताला धक्का जवळपास जाणवत नाही. ही सरकण बंद करण्याची सोयही आहे. घोडा ओढायला लागणारे वजन खटका फिरवून ५०० ग्रॅम किंवा १३६० ग्रॅम करता येते. काडतुसाच्या पिस्तुलाचा सराव घरच्या घरी व्हावा, हा त्यामागचा हेतू.

कायद्याचे आधी पाहा. भारतात ४.५ मिमी नळीच्या आणि २० जूलपर्यंतच्या हवेच्या शस्त्राला शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवाना लागत नाही. ६५ ची ऊर्जा साडेचार जूलच्या आसपास, म्हणजे ते त्यात आरामात बसते. आयात मात्र निर्बंधित आहे. परदेशात सहज विकत मिळाले म्हणून सुटकेसमध्ये टाकून आणायचे, असे करू नका. इथे विकत घेताना मूळ आयातीची कागदपत्रे किंवा आधीच्या मालकाची पावती मागा आणि त्यावरचा क्रमांक पिस्तुलावरच्या क्रमांकाशी जुळवा. इंग्लंड-वेल्समध्ये राहणाऱ्यांना ६ फूट-पाउंड ऊर्जेपर्यंतचे एअर पिस्तूल परवान्याशिवाय ठेवता येते, स्कॉटलंडमध्ये मात्र २०१६ च्या अखेरीपासून सर्टिफिकेट लागते. जर्मनीत पंचकोनातला एफ हा परवान्याशिवाय चालणाऱ्या हवेच्या शस्त्राचा शिक्का शोधा. १९७० पूर्वी बनलेल्या पिस्तुलावर तो नसला तरी चालतो.

आता प्रत्यक्ष पाहणी. आधी स्क्रूंच्या खाचा बघा. त्या खरवडलेल्या असतील तर चुकीच्या पेचकसाने कुणीतरी आत हात घातला आहे, आणि आत काय केले असेल ते उघडल्याशिवाय कळणार नाही. बाजूचा लीव्हर बंद असताना हलवून पाहा. थोडी खुळखुळ चालते, पण टोकाशी स्पष्ट वर-खाली होत असेल तर पिन झिजली आहे. नळीच्या तोंडावर आतून बाहेर कापसाची काडी गोल फिरवा. कापसाचे धागे एकाच जागी अडकत असतील तर तिथे कड दुमडली आहे. हा दोष किंमत खाली आणतो, कारण छर्रा नळीतून सुटताना शेवटचा स्पर्श त्याच कडेला करतो.

पिस्तूल ताणताना लीव्हर शेवटपर्यंत ओढा आणि छर्रा भरून होईपर्यंत त्यावरची पकड सोडू नका. सिलिंडर मागे गेलेला असतो आणि बोट उघड्या नळीपाशी असते. जुनी अडकण झिजलेली असेल आणि स्प्रिंग सुटली तर बोटाचे हाड मोडते. छर्रा भरला, लीव्हर जागेवर आला, की नळी लक्ष्याकडे धरूनच पुढचे सगळे.

सील जिवंत आहे का, हे पाहण्याच्या दोन सोप्या चाचण्या आहेत. नळी आणि सिलिंडर जिथे जुळतात त्या फटीवर टिश्यू पेपरची बोटभर पट्टी ठेवून झाडा. पट्टी उडाली किंवा फडफडली तर तिथली सील गळते आहे. ही दुरुस्ती स्वस्त आणि लहान असते. दुसरी चाचणी क्रोनोग्राफची, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्राची. अर्ध्या ग्रॅमच्या आसपासच्या मॅच छर्ऱ्याने वेग सेकंदाला साधारण १२० ते १४० मीटर यावा. आकडा थोडा कमी असला तरी हरकत नाही. दहा छर्ऱ्यांचे आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत, ते जास्त महत्त्वाचे. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात छोट्या आकड्यात ४ मीटरपेक्षा जास्त फरक पडत असेल तर पिस्टनची सील, बफर किंवा स्प्रिंग यांपैकी काहीतरी संपत आले आहे. नळीतून धूर किंवा जळक्या तेलाचा वास आला तर विक्रेत्याने नुकतेच तेल ओतले आहे, तेव्हा त्या दिवशीचे आकडे खरे धरू नका.

वरचा भाग रुळांवर सरकतो का, हे झाडल्यावर हाताला कळते. पिस्तूल उडी मारत असेल तर बहुधा सरकण बंद करणारा खटका लावलेला असतो, नाहीतर रुळांतले जुने ग्रीस घट्ट झालेले असते. ग्रीसचे काम सोपे आहे. जुना थर पुसून काढून पातळ ग्रीसचा हलका हात द्यायचा. पण रुळांवर ओरखडे पडले असतील तर पिस्तूल परत ठेवा.

घोडा तपासायला किराणा दुकानातले अर्ध्या किलोचे वजन पुरते. छर्रा न भरता पिस्तूल ताणा, नळी सरळ वर धरा आणि तारेच्या आकड्याने घोड्याला अडकवलेले वजन टेबलावरून सावकाश उचला. खटका हलक्या बाजूला असतानाही वजन उचलले गेले पाहिजे. नाही उचलले गेले तर कुणीतरी घोडा नियमापेक्षा हलका केला आहे. अशा चाचणीत एखादे वेळी छर्ऱ्याशिवाय सुटले तरी लगेच बिघडत नाही. सवय मात्र नको, कारण समोर छर्ऱ्याचा अडसर नसला की पिस्टनला हवेची गादी मिळत नाही आणि तो सिलिंडरच्या टोकावर आदळतो.

शेवटी कागद. मनगट मऊ वाळूच्या पिशवीवर टेकवा. वरचा भाग कशालाही दाबून धरू नका, त्याला सरकायचे आहे. १० मीटरवर पाच छर्ऱ्यांचे एकच भोक पडावे आणि त्याची बाहेरची रुंदी ८ मिमीच्या आत असावी. तसे होत नसेल तर पिस्तुलाला दोष देण्याआधी ४.४९, ४.५० आणि ४.५२ मिमी डोक्याचे छर्रे लावून बघा. जुन्या नळ्यांच्या आवडी वेगवेगळ्या असतात. मग नेम धरायच्या मागच्या साइटला दहा क्लिक वर द्या, झाडा, दहा क्लिक खाली आणा, पुन्हा झाडा. खाली आणल्यावरचा भोकांचा पुंजका मूळ जागी परत आला नाही तर साइटच्या स्क्रूत ढील आहे.

मूठ अक्रोडाच्या लाकडाची असते. ती डाव्या हाताची की उजव्या, हे आधी विचारा. स्क्रूजवळ केसासारखी चीर आहे का पाहा. तळव्याखालची पट्टी वर-खाली होऊन घट्ट बसते का, तेही पाहा. आधीच्या मालकाने मूठ कानशीने आपल्या हाताला घासून बसवली असेल तर ती तुमच्या हाताला जुळेलच असे नाही. मूळ मूठ मात्र कधी टाकू नका.

देखभालीत सगळ्यात जास्त नुकसान तेलाने होते. सिलिंडरच्या छिद्रातून शिलाई मशीनचे तेल किंवा फवाऱ्याचे गंजनाशक आत गेले की दाबाने तापलेल्या हवेत ते पेटते. स्फोटासारखा आवाज येतो, वेग वाढल्यासारखा वाटतो आणि सील जळत जाते. बाहेरच्या पोलादावर तेलाचा एक थेंब फडक्याला लावून फिरवला की पुरे. नळी दर काही शे छर्ऱ्यांनंतर फेल्टच्या गोळ्यांनी, नेहमी मागून पुढे साफ करा. पितळी ब्रश आणि लोखंडी सळी नळीत घालू नका. स्प्रिंग बदलायची असेल तर ती दाबून धरणारे साधन लागते. ते नसेल तर काम जाणकाराकडेच द्या, दाबलेली स्प्रिंग हातातून सुटली की डोळा जातो.

मुंबई, कोकण किंवा गोव्यात पावसाळा हाच मोठा शत्रू. पिस्तूल फोमच्या पेटीत किंवा चामड्याच्या म्यानात महिनोन्महिने ठेवू नका. फोम ओल धरतो आणि चामड्यातली रसायने पोलादाला गंज चढवतात. सुती कापडात सैल गुंडाळून, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह कुलपाच्या कपाटात ठेवा आणि पुड्या दर महिन्याला तव्यावर मंद आचेवर सुकवून घ्या. हाताळल्यावर घामाचे ठसे त्याच दिवशी पुसा, नाहीतर आठवड्याभरात बोटाच्या आकाराचा गंज उमटतो. ताणलेल्या स्थितीत पिस्तूल कधी ठेवायचे नाही.

घरी झाडायचे तर मागे ६ मिमी जाडीचा, खाली झुकवलेला लोखंडी पत्रा असलेली पेटी ठेवा आणि दाराला कडी लावा. चष्मा झाडणाऱ्याने आणि पाहणाऱ्यानेही घालावा. छर्रे शिशाचे असतात, म्हणून नंतर हात साबणाने धुवा. रस्त्याने नेताना बंद पेटीत न्या, कारण लांबून पाहणाऱ्याला ते हवेचे आहे हे ओळखता येत नाही.

६५ मिळाले नाही तर रशियातल्या इझेव्हस्क मेकॅनिकल प्लांटचे (बायकाल) इझ ४६ एम चांगले. एका दट्ट्याने हवा दाबते, सील सहज बदलता येते आणि धक्का नाही. वाल्टरच्या एलपी ३ मध्येही हवाच दाबलेली असते. तिथे दाबून पाच मिनिटे थांबा, मग झाडा आणि वेग लगेच झाडलेल्याशी ताडून पाहा, म्हणजे सील हवा धरते का ते कळते. डायना ६ चे दोन उलटे धावणारे पिस्टन अप्रतिम आहेत, पण त्यातल्या मूळ सील तपकिरी भुगा होऊन गळतात आणि परत बसवताना दोन्ही पिस्टन दात्यांवर अचूक जुळवावे लागतात. पहिल्या खरेदीला ते नको. नव्वदच्या दशकातले, आधीच भरलेल्या हवेच्या सिलिंडरवर (टाकीवर) चालणारे पिस्तूल स्वस्त दिसले तर सिलिंडरवरची तारीख वाचा. दहा वर्षे उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि नवा सिलिंडर मिळतो का हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.