थंडी आली, शेततळ्यातल्या माशांचं वजन केलं का?

फेब्रुवारीत निफाडकडचं एक शेततळं उपसलं. प्लास्टिकच्या कागदावर दोन बोटं जाडीचा राखाडी थर, मुठीत घेतला तर फुगलेलं खाद्य. सडक्या अंड्यासारखा वास. मालक म्हणाले, "रोज दोन घमेली टाकत होतो." मासे मात्र नोव्हेंबरएवढेच! दरवर्षी हेच बघतोय. मासे मोजायचे नाहीत, वजन करायचं नाही, घमेल्यानं खाद्य टाकायचं.

हिशेब करा. 800 मासे, सरासरी 400 ग्रॅम, म्हणजे 320 किलो. वजनाच्या दोन टक्क्यांनी रोज 6 किलो 400 ग्रॅम खाद्य. नजरेनं 600 ग्रॅमचे धरलेत, तर 9 किलो 600 ग्रॅम, म्हणजे रोज 3 किलो 200 ग्रॅम जादा. किलोला 40 रुपये धरले तरी महिन्याला 3,840 रुपये तळाला. तेच कुजून पाण्यातला प्राणवायूही खातं.

हे झालं उबेतलं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा कधी पाच अंशांखाली जातो. रोहू-कटला पाणी 20 अंशांखाली गेलं की तोंड आखडतात. तेव्हा मात्रा अर्ध्यावर आणा, 15 च्या खाली बंदच. थर्मामीटर दुपारी बुडवा, खाद्यही दुपारीच. माझा आपला अंदाज: सकाळी उशिरापर्यंत तळ्यावर वाफ दिसली तर त्या दिवशी पोतं उघडू नये.

वजन कडाक्याआधी, याच आठवड्यात करा. आदल्या दिवशी खाद्य बंद. पाग (हातानं फेकायचं जाळं) टाकून 25-30 मासे बादलीत, काट्यावर, वहीत आकडा, लगेच पाण्यात. ऐन थंडीत जाळं लावलं तर खवले निघतात, त्यावर बुरशी धरते.

तळ्यात पंगस (थंडी न सोसणारा मासा) असेल तर थांबू नका. भाव दोन रुपये कमी मिळाला तरी विका, कडाक्यात तो मरतोच.

बाकी नेहमीचं:
- पाण्यात विरघळलेला प्राणवायू किमान 5 मिलिग्रॅम प्रति लिटर
- पाणी किमान 5 फूट
- द्राक्षफवारणीचे पंप तळ्यात धुवू नयेत
- बगळे-पाणकावळ्यांसाठी वर जाळी

दुकानदार "थंडीत वाढीसाठी" बाटली देईल. मासा खातच नाही, तर बाटली काय वाढवणार? त्या पैशात तराजू आणि थर्मामीटर दोन्ही येतात.

खाद्य परत वाढवायचं ते फेब्रुवारीत, दुपारचं पाणी सलग आठवडाभर 22 च्या वर राहिलं की. त्याआधी पुन्हा एकदा पाग टाका.