पानगळीच्या पाचोळ्याचे मृगापर्यंत खत कसे करावे

फेब्रुवारी-मार्चमध्ये नागपुरात कडुनिंब आणि करंज रस्तेच्या रस्ते झाकून टाकतात. झाडून कोपऱ्यात लोटलेल्या पाचोळ्याला मग कुणीतरी काडी लावते. उघड्यावर असे जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये बंदी घातली आहे. पण दंडाच्या रकमेपेक्षा मोठे नुकसान त्या धुरात आहे. झाडाने हवेतून घेतलेला कार्बन आणि मुळांनी जमिनीतून ओढलेले नत्र (नायट्रोजन), दोन्ही काही मिनिटांत हवेत जातात. पालाश (पोटॅशियम), कॅल्शियम आणि स्फुरद (फॉस्फरस) यांना धुराबरोबर फारसे उडता येत नाही, म्हणून ते राखेत उरतात. ही राख अल्कधर्मी असते आणि आपली काळी माती आधीच त्या बाजूला झुकलेली, त्यामुळे तिथेही राखेचा फारसा उपयोग होत नाही.

तोच पाचोळा ढीग लावून कुजवला, तर कार्बनचा बराच भाग तरीही हवेत जाईल, कारण जिवाणूंचा श्वास तोच आहे. पण नत्र मोठ्या प्रमाणात धरून ठेवता येते. खत करण्याचे सगळे कसब हे नत्र आणि पाणी धरून ठेवण्यात आहे.

जागा आणि आकार

भिंतीच्या पूर्वेला किंवा दाट झाडाखाली, दुपारनंतर सावली राहील अशी मातीची जागा निवडा. विटा एकमेकींत चार बोटांची फट ठेवून रचा, किंवा जाळी गोल उभी करा. लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी साधारण १ मीटर हवी. याहून लहान ढिगातली उष्णता बाहेर निघून जाते आणि तो नुसता पडून राहतो. १.५ मीटरपेक्षा उंच ढीग स्वतःच्या वजनाने दबतो आणि मधली हवा संपते. तळाला वीतभर जाडीचा काड्यांचा थर द्या. गावाकडून तुराटी किंवा पऱ्हाटी मिळाली तर उत्तम, नाहीतर छाटलेल्या फांद्या चालतात.

पाने भिजवणे

सगळ्यात जास्त ढीग इथेच बिघडतात. वाळलेल्या पानावर मेणाचा पातळ थर असतो. वरून पाइपने मारलेले पाणी घसरून तळाला जाते आणि आतली पाने कोरडीच राहतात. म्हणून पाने आधी पायाने किंवा काठीने चुरा, मग ड्रममध्ये रात्रभर बुडवून ठेवा. १० किलो कोरडी पाने साधारण १० लिटर पाणी धरतात, एवढे लक्षात ठेवले की अंदाज चुकत नाही. कडुनिंब, करंज, गुलमोहर लवकर कुजतात. साग, आंबा आणि वडाची पाने जाड असतात, ती बारीक केल्याशिवाय घालू नका.

थर लावणे

जिवाणूंना दर २५ ते ३० भाग कार्बनमागे १ भाग नत्र लागते. नुसत्या वाळक्या पानांत कार्बन याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त असू शकतो, म्हणून नत्राचा पुरवठा बाहेरून करावा लागतो. मापाचा हिशेब सोपा ठेवा: चुरून दाबलेल्या भिजल्या पानांची ३ घमेली, त्यावर ताजे शेण किंवा भाजीचा ओला कचरा १ घमेले, त्यावर बागेतली माती दोन मुठी. हाच क्रम वरपर्यंत. शेवटचा थर पानांचाच हवा, म्हणजे माश्या येत नाहीत.

याच दिवसांत मृग बहाराची संत्री बाजारात असतात. त्यांच्या सालीतले तेल जिवाणूंना सुरुवातीला रोखते, म्हणून साली बोटाच्या पेराएवढ्या कापून पातळ पसरा. त्यांवर हिरवट बुरशी आली तर घाबरू नका, ती कुजण्याचेच काम करते आहे. तेलकट उरलेले अन्न, मटण-मासळी मात्र या ढिगात नको.

वरून ओले गोणपाट टाका.

तापमान आणि पलटी

तीन-चार दिवसांत ढीग तापतो. लोखंडी सळई मधोमध खुपसून दहा मिनिटांनी काढा. हातात धरवत नसेल, तर आत ५५ अंशांच्या आसपास किंवा वर तापमान आहे. ही परीक्षा पहाटे करा, कारण मे महिन्यात दुपारी उन्हात ठेवलेली सळईसुद्धा धरवत नाही. ५५ अंशांवर काही दिवस राहिलेल्या ढिगात तणाचे बी आणि बरेच रोगजंतू मरतात. त्यासाठी बाहेरचा भाग आत आणि आतला बाहेर, अशी पलटी द्यावी लागते. पहिली पलटी आठ-दहा दिवसांनी, पुढे दर दहा-बारा दिवसांनी, एकूण चार-पाच वेळा.

पलटी देताना वाफ वर येते. ते ढिगातून हवेत जाणारे पाणी आहे, ते परत द्यायलाच हवे. प्रत्येक वेळी मधला मूठभर माल घट्ट पिळा. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब आले तर ठीक. धार लागली तर पाणी जास्त आहे, मूठ उघडताच माल विखुरला तर कमी. एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्यात चार-पाच दिवसांना एक-दोन बादल्या सहज लागतात.

इथल्या उन्हाळ्यातला नेहमीचा घोटाळा असा की ढीग गार पडला म्हणजे खत झाले असे वाटते. बहुतेक वेळा तो कोरडा पडलेला असतो. पाणी द्या, पलटी द्या. पुन्हा तापला तर काम बाकी आहे.

नाकही कामाला लावा. डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास आला, तर नत्र वायू होऊन निघून चालले आहे. लगेच कोरडी पाने मिसळा. कुजक्या अंड्यासारखा वास म्हणजे आत हवा नाही, तेव्हा ढीग मोकळा करून काड्या घाला.

कूलरचे पाणी वापरावे का?

बेताने. कूलर पाण्याची वाफ करतो, पण क्षार वाफ होत नाहीत. ताट्यांवर जमणारा पांढरा कडक थर तोच. समजा बोअरच्या पाण्यात लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार आहेत आणि कूलर दिवसाला ४० लिटर पाणी पितो, तर रोज २० ग्रॅम क्षार मागे राहतात, आठवड्याला १४०. समुद्र खारट आणि पाऊस गोडा असण्यामागेही हेच आहे. टाकी दर आठवड्याला रिकामी कराच, डासांसाठीही ते गरजेचे आहे. पण ते पाणी ढिगाला द्यायचे तर दुप्पट साधे पाणी मिसळून, अधूनमधून द्या. जुन्या ताट्यांचा भुसा ढिगात नको.

मुरवणे आणि वापरणे

नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागेपर्यंत ढीग निम्म्याहून खाली बसतो. पलटी थांबवा आणि दोन-तीन आठवडे ओलसर ठेवून मुरू द्या. या काळात जिवाणू उरलेल्या अमोनियाचे नायट्रेट करतात आणि मुळे नत्र मुख्यतः याच रूपात घेतात. तयार झाले का ते पाहायला ओलसर खतात मेथीचे वीस दाणे पेरा. सोळा-सतरा उगवून रोपे सरळ वाढली तर खत तयार.

नायट्रेट आणि पालाश पाण्यात सहज विरघळतात. म्हणून मृगाचे ढग दिसताच ढिगावर ताडपत्री टाका. उघड्या ढिगाखालून वाहणारे काळपट पाणी म्हणजे तीन महिन्यांची कमाई नालीत जाणे.

एक-दोन चांगले पाऊस होऊन भेगा बुजल्या की वाफ्यात चौरस मीटरला २ ते ३ किलो खत वरच्या वीतभर मातीत मिसळा. काळ्या मातीत पाणी साचले की हवा संपते आणि जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू घेऊन नत्र पुन्हा वायुरूपात सोडून देतात. जुलैच्या झडीत पिवळी पडलेली रोपे बऱ्याचदा याच कारणाने पिवळी असतात. वाफा १५ सेंटीमीटर उंच ठेवला तर हे टळते. कुंडीसाठी ३ भाग माती, १ भाग खत आणि माती चिकट असेल तर थोडी जाड रेती घ्या.

चाळणीवर उरलेल्या काड्या आणि अर्धवट कुजलेली पाने फेकू नका. पोत्यात भरून सावलीत ठेवा आणि पुढच्या पानगळीला नवा ढीग लावताना थराथरांत दोन-दोन मुठी टाका. विरजणाचे काम तेच करते.