इथेनॉलयुक्त पेट्रोलमध्ये ॲडिटिव्ह कसं घालावं
गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तरच स्टॅबिलायझर (साठलेलं पेट्रोल खराब होऊ न देणारं ॲडिटिव्ह) घाला. रोज पळणाऱ्या गाडीला त्याची फारशी गरज नसते. गंजरोधक आणि अँटिऑक्सिडंट (हवेमुळे पेट्रोल बिघडणं रोखणारा घटक) दोन्ही असलेलं घ्या. बाटलीवरच्या मापाने आधी ते टाकीत ओता, मग पेट्रोल भरा, म्हणजे आपोआप मिसळतं. टाकी जवळपास भरलेली ठेवा. रिकाम्या जागेतल्या दमट हवेतून पाणी शिरतं. नंतर इंजिन 10 मिनिटं चालवा, नाहीतर कार्बोरेटरमध्ये जुनंच पेट्रोल राहतं.

10 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये साधारण अर्धा टक्का पाणी गेलं, की इथेनॉल पाण्यासोबत तळाशी बसतं आणि वरच्या पेट्रोलचा ऑक्टेन (इंजिनात ठोके न देता जळण्याची क्षमता) घसरतो. काचेच्या बाटलीत नमुना काढून बघा: दोन थर दिसले तर (जाहिरात काहीही म्हणो) कुठलंही ॲडिटिव्ह ते जोडत नाही. टाकी रिकामीच करावी लागते.